टॉम बॉम्बाडिलच्या हातात कुऱ्हाड कुणी दिली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर तुम्ही विदीविंडल नदीच्या खोऱ्याची गोष्ट छापलात, टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली, छोटी करून. त्याबद्दल आधी थँक्यू म्हणते, कारण इकडं सीमाभागात मराठीत मुलांच्या हातात पडतंय ते आधीच कमी, त्यात ससा-कासव सोडून काहीतरी नवीन दिलात हे चांगलंच केलात. खरं शेवटच्या चार ओळी वाचून माझं डोकं फिरलं बघा. त्या जंगलात राहणारा टॉम बॉम्बाडिल धावत येतो, खांद्यावरची कुऱ्हाड काढतो, घाव घालून म्हातारा विलो, म्हणजे नदीकाठचं ते जुनं झाड, आडवा करतो, आत अडकलेली दोघं बाहेर पडतात आणि खाली ठळक अक्षरात 'दुष्ट झाडाचा नाश झाला'. मूळ गोष्टीत असं काहीच नाही हो. झाड तोडत नाहीत. ते तिथंच राहतंय, जिवंत.

मूळ प्रसंग थोडक्यात सांगते, कारण पीटर जॅक्सनच्या 2001 च्या सिनेमात हा भाग घेतलेलाच नाही, त्यामुळं सिनेमा बघितलेल्यांनाही तो माहीत नसतोय. (दुसऱ्या सिनेमाच्या लांबवलेल्या आवृत्तीत झाडानं गिळायचा प्रसंग आहे, खरं तो दुसऱ्याच जंगलात नेऊन बसवलाय.) फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन ही चार बुटकी माणसं, म्हणजे हॉबिट, जुन्या जंगलातनं जायला निघतात. त्यांना जायचं असतंय ईशान्येला, मोठ्या रस्त्याकडं, आणि जंगल त्यांना तिकडं जाऊच देत नाही. जमिनीला खोल घळी पडलेल्या, त्या ओलांडता येत नाहीत, वाट मिळते ती उताराचीच आणि प्रत्येक उतार शेवटी विदीविंडलच्या खोऱ्यात. ही नदी बॅरो-डाउन्स नावाच्या टेकड्यांत उगम पावते, नैऋत्येला वाहत जंगलातनं जाते आणि खाली ब्रँडीवाईन नदीला मिळते. मेरीला ऐकून माहीत असतंय की सगळ्या जंगलात हे खोरंच सगळ्यात विचित्र, तिकडं जायचं नाही. आणि बरोबर तिथंच येऊन पोचतात. भीमगडच्या, कणकुंबीच्या बाजूला जंगलात फिरलेल्या कुणालाही विचारा, रानात माणूस आपल्या मनानं चालत नाही, ओढा नेईल तिकडं जातो, त्यामुळं मला तरी हे वाचताना जादू वगैरे वाटलीच नव्हती, सरळ भूगोल वाटला होता.

सप्टेंबरचा शेवट, दुपारचं पिवळं ऊन. तपकिरी संथ पाणी, दोन्ही काठाला जुने जुने विलो, पाण्यावर कमान करून वाकलेले, काही उन्मळून पात्रात आडवे पडलेले, आणि वरनं पिवळी पानं गळून पाण्यावर तरंगायलेत. वारा इतका हलका की झोपच येणार. आणि तीच तर अडचण आहे. मेरी आणि पिपिन एका मोठ्या राखाडी विलोला पाठ टेकून झोपतात, फ्रोडो पाय बुडवायला मुळीवर बसतो आणि तिथंच पेंगतो. झाड फ्रोडोला पाण्यात ढकलतंय, मुळीखाली दाबून धरतंय. पिपिन खोडाच्या भेगेत अख्खा आत, भेग बंद. मेरी कमरेपर्यंत आत आणि पाय बाहेर. जागा राहिलेला एकटा सॅम, तो माळी, झाडांची सवय असलेला, म्हणून त्याला आधी शंका येते हे मला लई आवडतं.

आता कुऱ्हाडीचं बघा. कुऱ्हाड आहे त्यांच्याकडं! सामानात जळण फोडायची एक छोटी कुऱ्हाड असते, आणि ती इथं काही कामाची नाही हे त्यांचं त्यांनाच कळतंय. मग सॅमला आयडिया येते जाळ करायची. फ्रोडोला त्यानं पाण्यातनं ओढून काढलेलं असतंय, ते दोघं मिळून झाडाच्या बुडाला वाळकी पानं-काटक्या घालून पेटवतात. आणि काय होतंय? झाड आतल्यांना आवळायला लागतंय, मेरी ओरडतो की आग विझवा नाहीतर हा माझे दोन तुकडे करणार. म्हणजे लेखकानं कुऱ्हाड आणि आग हे दोन्ही उपाय मुद्दाम पुढ्यात आणून दाखवलेत आणि दोन्ही फेल करून टाकलेत. तुमच्या पुरवणीत नेमकं तेच उचलून शेवटाला 'उपाय' म्हणून लावलंय. आग तर गाळूनच टाकलीय.

टॉम येतो तेव्हा त्याच्या हातात असतात पांढरी कमळं. एका मोठ्या पानावर रचून तो ती घरी चाललेला असतो, बायकोसाठी, गोल्डबेरीसाठी, थंडी पडायच्या आधीची शेवटची. हकीकत ऐकल्यावर कमळं हळूच गवतावर ठेवतो, झाडाजवळ जातो, भेगेला तोंड लावून गाणं म्हणतो. मग झाडाचीच एक लोंबती फांदी मोडून घेऊन त्याच्या अंगावर हाणतो आणि दम देतो, की ह्यांना सोड, तू जागं राहायचंच नाहीस, माती खा, मुळं खोल घाल, पाणी पी आणि झोप. म्हणजे मारतो तो, नाही असं नाही, मी काय अहिंसेची गोष्ट म्हणून सांगत नाही. पण त्यानं झाडाला जे करायला सांगितलं ते झाडाचंच काम आहे. मोठ्या माणसानं वांड पोराला धपाटा घालून घरी हाकलावं तसा प्रकार आहे सगळा. मेरीला टॉम पाय धरून ओढून काढतो, पिपिन लाथ बसल्यासारखा बाहेर उडतो, झाड एकदा थरथरतं आणि गप्प होतं, संपलं.

आमच्या घरी रविवारी सकाळी शेजारपाजारची पोरं येतात, मी ट्यूशन घेते म्हणून, आणि तुमची पुरवणी आम्ही मोठ्यानं वाचतो. त्या दिवशी ही गोष्ट वाचून झाल्यावर एका पोरानं, त्याचं शेत मलप्रभेला लागून आहे, लगेच विचारलं, "बाई, झाड तोडल्यावर नदीचं काठ ढासळतंय की, मग तेचं घर ऱ्हातंय काय?" दुसरीत आहे हो ते. 2019 च्या ऑगस्टातल्या पुरात त्यांच्या बांधाची माती गेली त्याच्या गोष्टी त्याच्या घरात अजून निघतात. त्याच्या डोक्यात जे आलं ते तुमच्या पानासाठी गोष्ट छोटी करणाऱ्याच्या डोक्यात का आलं नसेल? विलोची मुळं म्हणजे काठाची जाळी. पाण्याच्या कडेला दाट पसरतात, माती धरून ठेवतात, म्हणून युरोपात मुद्दाम नदीकाठी विलोच्या फांद्या रोवतात, नुसती ओली फांदी खोचली तरी मुळं धरते. आणि जुना विलो आतनं पोकळ होतो, खोडाला मोठाल्या भेगा पडतात, हेही खरंच आहे. टॉल्किननं त्या भेगेत पिपिनला घातलं ते कुठनं तरी हवेतनं काढलेलं नाही.

आपल्याकडंही आहे की ह्या कुळातलं झाड. सह्याद्रीत ओढ्या-नद्यांच्या काठाला वाळुंज असतंय, पान लांबट, खालनं पांढरट, वाऱ्यानं उलटं झालं की चमकतंय, बी कापसासारखं उडतंय. करंज, उंबर, जांभळाच्या गर्दीत लक्ष जात नाही एवढंच. तुमच्या चित्रकारानं मात्र मागं बर्फाचा डोंगर आणि पुढं खाली लोंबत्या फांद्यांचं, कॅलेंडरवर असतंय तसलं झाड काढलंय. गोष्टीतला विलो तसला नाही, तो राखाडी, गाठी-गाठींचा, वर हात पसरल्यासारख्या फांद्यांचा. बर्फाचं तर नावच नाही. असू दे, चित्राचं एवढं काय नाही.

मुद्दा वेगळाच आहे. ते झाड का चिडलंय, हे गोष्टीत दिलेलं आहे आणि तुम्ही नेमकं तेच काढून टाकलात. जंगलाच्या कडेला बकलँड म्हणून हॉबिटांचा मुलूख. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आधी जंगल आणि आपल्यामध्ये उंच झाडोऱ्याचं कुंपण लावलं, वीस मैलांच्या वर लांब. एकदा झाडं त्या कुंपणावर चाल करून आली, अंगावर रेलली, तेव्हा हॉबिटांनी शेकडो झाडं तोडली आणि जंगलात मोठा जाळ केला. त्या जागेवर अजून झाड उगवत नाही, नुसतं गवत आणि काटेरी तण, आणि हे चौघं त्याच मोकळ्या जागेतनं पुढं जातात. म्हणजे वाचकाला आधी जळलेली जागा दिसते आणि मग चिडलेलं झाड दिसतं. हा क्रम आहे. तुम्ही पहिलं काढून टाकलात, दुसरं तेवढं ठेवलात, मग झाड 'दुष्ट'च दिसणार की.

कुंपण, हद्द, पहिलं कुणाचं आणि नंतर कोण आलं, हे वाचताना बेळगाव-खानापूरच्या माणसाला काय आठवणार ते मी सांगायला नको, 1956 पासून आपण तेच ऐकत आलोय. खरं मी इथं सीमाप्रश्न घुसडत नाही. टॉल्किनला स्वतःलाच असली रूपकं आवडायची नाहीत, त्यानं पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तसं लिहूनच ठेवलंय. मला एवढंच म्हणायचंय की भांडण जुनं असलं की दोन्हीकडचं थोडं थोडं ऐकायला लागतं, आणि ही अक्कल आपल्या पोरांना तरी परकी वाटणार नाही.

बरं, तो म्हातारा विलो काय साधू नव्हे. दुसऱ्या दिवशी पाऊस लागतो, हॉबिट टॉमच्या घरात बसलेले असतात, तेव्हा टॉम त्यांना स्पष्ट सांगतो की त्याचं काळीज कुजलंय, ताकद मात्र हिरवी आहे, आणि त्याची तहान मुळांच्या धाग्यांसारखी जमिनीखालनं पसरत जाऊन कुंपणापासनं टेकड्यांपर्यंतची जवळजवळ सगळी झाडं त्यानं आपल्या कह्यात घेतलीत. पण त्याच दमात टॉम झाडांच्या मनातलंही सांगतो, की मोकळी फिरणारी, कुरतडणारी, तोडणारी, जाळणारी ही जात त्यांना कशी दिसते. आणि गोल्डबेरीला फ्रोडो विचारतो, मग हे सगळं टॉमचं काय? ती म्हणते नाही, झाडं, गवत, जे जे तिथं वाढतंय ते ज्याचं त्याचं. टॉम मालक नाही, तरी त्याचं सगळे ऐकतात. आणि त्याच्या मुलखाची हद्द आली की तो थांबतो, पुढं पाऊल टाकत नाही.

गोल्डबेरी तर तुम्ही 'टॉमची बायको' म्हणून एका वाक्यात उडवलीत! ती नदीची पोर आहे हो, विदीविंडलच्या डोहात टॉमला भेटलेली. आपल्या पोरांना हे समजावून सांगायला काहीच कष्ट नाहीत. डोहाच्या काठाला साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड, त्यांना हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, हे त्यांनी बघितलेलं असतंय, आजीनं 'भर दुपारी तिकडं जाऊ नको' म्हणून दटावलेलं असतंय. पिंपळावर मुंजा असतो म्हणून पिंपळाला हात लावत नाहीत, देवराईतली वाळकी फांदीसुद्धा घरी आणत नाहीत. ह्याला अंधश्रद्धा म्हणणारे म्हणू देत, मीही मुलांना मुंजाची भीती घालत नाही, खरं त्या भीतीनं किती झाडं वाचली त्याचा हिशोब कुणी मांडलाय काय? गोव्याच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं तेव्हा खानापूरच्या बाजूची रस्त्याकडेची मोठमोठी झाडं गेली, ती सावली आठवणारी माणसं अजून आहेत. त्या झाडांवर कुणाचा मुंजा नव्हता बहुतेक.

आणि ज्यानं ही गोष्ट लिहिली त्याच्याबद्दल एक सांगायलाच पाहिजे, कारण ते सांगितलं की तुमचा शेवट किती उलटा आहे ते कळेल. टॉल्किन लहानपणी, 1896 ते 1900, बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल गावात राहायचा. तिथल्या गिरणीच्या तळ्यावर वाकलेला एक विलो होता, त्याच्यावर चढायला तो शिकला. एक दिवस लोकांनी तो तोडला. तोडून त्याचं काही केलं पण नाही, ओंडका तसाच पडून. म्हातारपणी बोलताना त्यानं हे सांगितलंय आणि हे मी कधी विसरलो नाही असं म्हटलंय. ज्या माणसाच्या मनात एवढ्या वर्षांनी एक तोडलेला विलो राहिला, त्याच्याच नावावर आपण विलो तोडून आनंदीआनंद करणारी गोष्ट छापतोय.

अजून एक. टॉम, गोल्डबेरी आणि म्हातारा विलो हे तिघंही पुस्तकाच्या कितीतरी आधीचे. 1934 साली 'ऑक्सफर्ड मॅगझिन'मध्ये टॉमवरची कविता आली त्यात आहेत सगळे, आणि पुस्तकाचा पहिला भाग निघाला 1954 ला. मधे 1937 मध्ये प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात टॉल्किन म्हणतो की टॉम म्हणजे ऑक्सफर्ड आणि बर्कशायरच्या संपत चाललेल्या गावाकडच्या मुलखाचा आत्मा. म्हणजे हे खोरं काल्पनिक असलं तरी डोळ्यासमोरनं जाणाऱ्या खऱ्या नदीकाठावरनं घेतलेलं आहे. आपल्या मलप्रभेचं, मार्कंडेयचं, बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचं काय व्हायलंय ते तुम्हीच रोज पहिल्या पानावर छापता, मग मुलांच्या पानावर आल्यावर नदीकाठचं झाड एकदम राक्षस कसं होतं?

आणि संपादक साहेब, गंमत म्हणजे ह्याच विषयावर टॉल्किननं स्वतः वाचकांचं पत्र लिहिलंय! 1972 साल, वय 80. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'नं झाडांच्या लागवडीवर अग्रलेख लिहिला आणि अंधाऱ्या, पक्षी न गाणाऱ्या रानाला टॉल्किनचं नाव जोडून दिलं. हा गडी चिडला. त्यानं संपादकांना कळवलं की माझ्या सगळ्या लिखाणात मी झाडांच्या बाजूनं आणि त्यांच्या शत्रूंच्या विरुद्ध उभा आहे, आणि त्या जुन्या जंगलाचं दोन पायांच्या प्राण्यांशी वैर होतं ते झालेल्या अनेक जखमांच्या आठवणीमुळं. झाडं जिथं जिथं उरलीत तिथं विजेच्या करवतीचा आवाज कधी थांबत नाही, असंही त्यात आहे. त्यामुळं मी काही नवीन भांडत नाहीये, लेखकानंच पन्नासच्या वर वर्षांपूर्वी संपादकाकडं केलेली तक्रार तुमच्याकडं परत करतेय.

तुम्ही म्हणाल, मुलांची गोष्ट आहे, पाचशे शब्दांत बसवायची, शेवट ठाम पाहिजे, पोरांना गुंतागुंत नको. मी रोज पोरांतच असते. त्यांना गुंतागुंत नकोशी असते हे मोठ्यांनीच ठरवलेलं आहे. त्या दिवशी मी पुरवणी बाजूला ठेवून खरा शेवट तोंडी सांगितला, तेव्हा पोरं जास्तच गप्प बसून ऐकत होती, आणि नंतर तासभर हेच, की तो झोपलाय तर परत जागा होणार काय, टॉम मेल्यावर त्याला झोपवणार कोण, एकीला वाटलं विलोनं आधी सॅमलाच धरायला पाहिजे होतं. झाड तोडल्याचं वाचून झाल्यावर ह्यातलं एकही आलं नव्हतं, तिथं फक्त बांधाचा प्रश्न आला, तोही शेतकऱ्याच्या पोराचा. आणि शब्दांचंच म्हणाल तर कुऱ्हाडीचा शेवट जेवढ्या ओळींत बसला तेवढ्याच ओळींत गाण्याचा पण बसतो, मी मोजून बघितलंय.

तर माझी विनंती अशी की येत्या रविवारी ह्या गोष्टीचा मूळ शेवट छापा, कुंपण आणि जळलेल्या जागेसकट. पाहिजे तर मी लिहून देते, मानधन नको. चित्र नवीन काढणार असाल तर चित्रकारांना एकदा आपल्याच एखाद्या ओढ्याकाठचा वाळुंज बघून या म्हणावं, बर्फ काढून टाकला तरी पुरे. आणि दुरुस्ती मुलांच्याच पानावर येऊ दे, आत कुठंतरी निविदांच्या शेजारी 'खुलासा' म्हणून नको. मुलं खुलासे वाचत नाहीत.

आपली,
एक वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव